विद्यापीठातील नैतिक निर्णय आणि संस्थेची कार्यसंस्कृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर आणि पनवेल या पट्ट्यात मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये, बाळकुम येथील विद्यापीठाचे उपकेंद्र आणि काही अभिमत विद्यापीठे आहेत. येथील प्राध्यापक, कार्यालयीन कर्मचारी, संशोधक विद्यार्थी आणि महाविद्यालय विकास समित्यांचे सदस्य जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. कायदा किंवा विनियम काय सांगतो ते तसे नमूद केले आहे. बाकीचे लेखकाचे मत आहे आणि ते मत म्हणूनच वाचावे.

सर्व नियम पाळूनही एखादा निर्णय अन्यायकारक ठरू शकतो का?

हो, आणि असे निर्णय आपल्या आवारात रोज होत असतात. हजेरीचेच उदाहरण घेऊ. समजा, एक विद्यार्थिनी महापे येथील कंपनीत रात्रपाळी करते आणि सकाळी ठाण्यातल्या महाविद्यालयात तासांना बसते. तिची हजेरी ७५ टक्क्यांच्या थोडी खाली गेली आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याची हजेरी तेवढीच कमी आहे, पण त्याच्या वडिलांची एका विश्वस्ताशी ओळख आहे. योग्य कारण असल्यास सवलत देण्याचा अधिकार प्राचार्यांना किंवा समितीला असेल, तर दोघांनाही सवलत देणे नियमात बसते आणि दोघांनाही नाकारणे नियमात बसते. मुलाला ती मिळाली आणि मुलीला मिळाली नाही, तरी कागदोपत्री कोणताही नियम मोडलेला दिसणार नाही.

येथे अन्याय दोन ठिकाणी झाला. सारख्या परिस्थितीतल्या दोघांना वेगळी वागणूक मिळाली, हा एक. दुसरा अधिक खोल आहे : अशी सवलत मागता येते, हे त्या मुलीला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून सवलतीचे निकष, अर्जाची मुदत आणि निर्णय कोण घेणार हे सत्राच्या सुरुवातीलाच सूचना फलकावर लावणे, ही कार्यालयीन औपचारिकता नसून न्यायाची पहिली पायरी आहे, असे मी मानतो. वशिल्याचे खरे बळ माहिती दडलेली राहण्यात असते.

‘कार्यसंस्कृती’ म्हणजे नेमके काय? ती मोजता येत नसेल, तर तिच्याविषयी बोलण्याचा उपयोग काय?

संस्थांचे अभ्यासक एडगर शाइन यांनी कार्यसंस्कृतीचे तीन थर सांगितले. पहिला थर डोळ्यांना दिसणारा : इमारत, गणवेश, समारंभ, बैठकीतली आसनव्यवस्था. दुसरा संस्था स्वतःविषयी जे सांगते त्याचा : ध्येयवाक्य, माहितीपुस्तिका, प्रवेशद्वारावरचा फलक. तिसरा थर कोणी बोलून न दाखवता सगळ्यांनी गृहीत धरलेल्या समजुतींचा असतो आणि निर्णय घेताना माणसे याच थराच्या आधारे वागतात. ‘साहेबांचा फोन आला की फाइल त्याच दिवशी पुढे जाते’, ‘बैठकीत बोलून काही होत नाही, आधीच सगळे ठरलेले असते’, ‘तक्रार केली की व्हायवाला त्रास होतो’ ही वाक्ये कोणत्याही पुस्तिकेत नसतात, पण नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला ती पहिल्या महिन्यातच कळतात.

एखाद्या संस्थेची कार्यसंस्कृती जाणून घ्यायची असेल, तर मी एकच गोष्ट पाहीन : बैठकीत अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे पुढच्या वर्षभरात काय झाले? त्याला उत्तर मिळाले का? त्याच्या कामाच्या वाटणीत, वेळापत्रकात किंवा गोपनीय अहवालात काही बदलले का? पुढच्या बैठकीत त्याने तोंड उघडले का?

आमच्याकडे माणसे चांगली आहेत. मग चुकीचे निर्णय का होतात?

मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी नैतिक कृतीचे चार भाग मांडले : प्रश्न नैतिक आहे हे मुळात लक्षात येणे, योग्य काय ते ठरवणे, इतर हितांपेक्षा त्याला अग्रक्रम देणे आणि अखेरीस ते करून दाखवण्याची चिकाटी असणे. चांगला माणूस या चारांपैकी कोठेही अडखळू शकतो, आणि विद्यापीठात तो बहुधा पहिल्याच ठिकाणी अडखळतो, कारण प्रश्न नैतिक आहे असे त्याला दिसतच नाही. तो त्याच्यापुढे कार्यालयीन काम म्हणून आलेला असतो.

अंतर्गत गुणांचे पाहा. विभागाचा निकाल घसरू नये म्हणून एका वर्षी सर्वांना दोन-तीन गुण वाढवून दिले जातात. पुढच्या वर्षी तीच प्रथा होते. काही वर्षांनी जो प्राध्यापक प्रामाणिकपणे कमी गुण देतो, तोच विद्यार्थ्यांचे नुकसान करणारा ठरतो. या साखळीतल्या कोणीही एका दिवशी बसून अप्रामाणिक व्हायचे ठरवलेले नसते. म्हणूनच केवळ ‘मूल्यशिक्षण’ या नावाची व्याख्याने ठेवून फारसे साधत नाही. गुण कसे दिले गेले हे दुसऱ्या कोणीतरी पाहणे आणि कमी निकाल लागलेल्या विभागाला आधी कारण विचारणे, शिक्षा न करणे, याचा परिणाम जास्त होतो.

मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या निकालांचा उल्लेख या संदर्भात नेहमी का होतो?

कारण आपल्या परिसरातल्या हजारो कुटुंबांनी तो काळ सोसला आहे. २०१७ च्या उन्हाळी सत्रात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत सर्व विद्याशाखांना एकाच वेळी लागू करण्यात आली. कायद्याची अपेक्षा अशी आहे की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लागावेत. प्रत्यक्षात राज्यपालांनी कुलपती या नात्याने घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळली गेली नाही, अनेक अभ्यासक्रमांचे निकाल पुढे लांबत गेले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर केले.

तंत्रज्ञान वापरणे ही चूक नव्हती. पडद्यावरच्या तपासणीत गोपनीयता वाढते, बेरजेच्या चुका टळतात आणि गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत, हे तिचे खरे फायदे आहेत. नैतिक प्रश्न वेगळा होता : निर्णयाची जोखीम कोणी उचलली आणि ती उचलणाऱ्याला कोणी विचारले? जोखीम पदव्युत्तर प्रवेशाची वाट पाहणाऱ्या आणि हातात गुणपत्रिका नसल्यामुळे नोकरीचा अर्ज भरू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांवर आली. ज्यांना किंमत मोजावी लागते त्यांचे म्हणणे निर्णयाआधी ऐकले गेले पाहिजे, आणि कॅप केंद्रावर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याच्या मध्यवर्ती केंद्रावर, प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या शिक्षकाने ‘तयारी पुरी झालेली नाही’ असे लेखी कळवले, तर त्याला लेखी उत्तर देण्याचे बंधन कोणावर तरी असले पाहिजे. मोठा बदल आधी एका विद्याशाखेत करून पाहावा, हा साधा विवेकही याच जबाबदारीतून येतो.

निर्णय घेण्यापूर्वी स्वतःला काय विचारावे?

लांबलचक तक्ते कोणी वापरत नाही. चार प्रश्न पुरतात. या निर्णयाची झळ कोणाला बसेल आणि त्याला हे माहीत आहे का? असाच अर्ज अनोळखी माणसाकडून आला असता, तर मी हाच निर्णय दिला असता का? माझे किंवा माझ्या जवळच्या कोणाचे यात काही हित आहे का? आणि निर्णयाचे खरे कारण मी नस्तीवर लिहू शकतो का? यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तोंडी सांगितलेले कारण आणि टिपणीत लिहिलेले कारण वेगळे होऊ लागले की तेथे थांबण्याची वेळ आलेली असते.

निवड समितीत किंवा परीक्षेत ओळखीचा माणूस असेल तर काय करावे?

आधी लेखी सांगावे आणि मग त्या कामातून बाजूला व्हावे. ‘मी निःपक्षपाती राहीन’ हे आश्वासन पुरेसे नाही, कारण निर्णय योग्य असला तरी नाकारलेल्या उमेदवाराला त्यावर विश्वास ठेवण्यासाठी कोणताही आधार उरत नाही. नातेवाइकाबरोबरच स्वतःचा पीएच.डी.चा विद्यार्थी, सहलेखक आणि आर्थिक व्यवहारातला भागीदार यांनाही हाच नियम लावावा. आपल्याकडे नातेवाइकांबाबत ही काळजी थोडीफार घेतली जाते. मार्गदर्शक आणि त्याचा विद्यार्थी यांच्याबाबत ती फार कमी घेतली जाते.

खासगी शिकवण्यांचे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत शिक्षकांसाठी व्यावसायिक आचारसंहिता आहे. कर्तव्यात बाधा आणू शकणारी इतर नोकरी, खासगी शिकवणी आणि कोचिंग क्लास यांपासून दूर राहण्याची अपेक्षा तीत आहे. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात क्लासचे जाळे किती दाट आहे ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्याच वर्गातल्या विद्यार्थ्याला पैसे घेऊन शिकवणारा शिक्षक त्याचे अंतर्गत गुणही देत असेल, तर तो व्यवहार कोणत्याही सबबीने योग्य ठरत नाही.

वाङ्मयचौर्याबाबत नेमके नियम काय आहेत?

आयोगाचे २०१८ चे शैक्षणिक सचोटीविषयक विनियम यासाठी लागू आहेत. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल, तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर विद्यार्थ्याला सहा महिन्यांपर्यंतच्या ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्यासाठी एक वर्षापर्यंत सुधारित प्रबंध देण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. शिक्षकांच्या प्रकाशित लेखनासाठी वेगळी शिक्षा आहे : ४० ते ६० टक्क्यांच्या पातळीला लेख मागे घेणे, एक वार्षिक वेतनवाढ रोखणे आणि दोन वर्षे नवे संशोधक विद्यार्थी न घेणे, त्यापुढच्या पातळीला दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांची कलमे, प्रमाण समीकरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य मोजणीतून वगळले जाते.

यापुढे जे सांगायचे आहे ते टक्केवारीपेक्षा महत्त्वाचे आहे. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर साम्य दाखवते, चोरी ठरवत नाही. दुसऱ्याची मूळ कल्पना शब्द बदलून घेतली, तर साम्य ४ टक्केही येणार नाही, आणि ती तरीही चोरीच आहे. म्हणून विभागीय समितीने अहवालाचा आकडा पाहून निकाल देऊ नये; समितीतल्या कोणीतरी दोन्ही मजकूर समोर ठेवून वाचले पाहिजेत. विद्यार्थ्याला म्हणणे मांडू देणे हाही प्रक्रियेचा आवश्यक भाग आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबतही हेच म्हणता येईल : कोठे वापर चालेल आणि कोठे नाही हे शिक्षकाने सत्राच्या आरंभी लिहून द्यावे, विद्यार्थ्याने केलेला वापर नमूद करावा, आणि शंका आली तर यंत्राच्या अंदाजावर शिक्षा न करता विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या लेखनाविषयी प्रश्न विचारावेत.

माझ्या लेखावर विभागप्रमुखांचे नाव घालावे, असा आग्रह आहे. नकार कसा द्यावा?

संशोधनाची कल्पना, माहितीचे संकलन, विश्लेषण किंवा लेखन यांत ठोस वाटा असणारा आणि लेखातल्या मजकुराची जबाबदारी घेणारा माणूस लेखक असतो. पदामुळे कोणी लेखक होत नाही. पण हे तत्त्व एकट्या विद्यार्थ्याच्या तोंडून वदवून घेणे क्रूरपणाचे आहे, कारण त्याचा प्रबंध, शिष्यवृत्तीची सही आणि पुढचे शिफारसपत्र त्याच माणसाच्या हाती असते. प्रकल्प सुरू होतानाच लेखकांची नावे आणि क्रम कागदावर लिहिण्याची पद्धत विभागाने सर्वांसाठी लावली, तर नकार देण्याची वेळच येत नाही. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय आता असतो. त्याच तासाला हा कागद भरून घ्यावा, असे मी सुचवतो.

विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण तर साधे असते. त्यासाठी नैतिक समितीची मंजुरी कशाला?

नवी मुंबईतल्या परिचर्या किंवा समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर कुपोषणाची माहिती घेण्यास जातात. येऊरच्या पाड्यांत, ठाणे खाडीकाठच्या कोळीवाड्यांत आणि उरण-पनवेलच्या प्रकल्पग्रस्त गावांतही प्रश्नावल्या घेऊन मुले फिरतात. ज्यांची गावे नवी मुंबईच्या उभारणीसाठी संपादनात आली, त्या ९५ गावांतल्या घरांनी आजवर किती प्रश्नावल्या भरून दिल्या असतील याचा विचार करावा. माहिती त्यांनी द्यायची आणि पदवी आम्ही घ्यायची, हा व्यवहार एकतर्फी आहे, हे आधी मान्य करू.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनाला लागू होतात. त्यांनुसार नैतिक समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावेत आणि सर्वसामान्य नागरिकांचा प्रतिनिधीही असावा. संमती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत घ्यायची असते. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घ्यायचा, तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार समोर हवा. जेथे ही तत्त्वे थेट लागू होत नाहीत अशा सामाजिक सर्वेक्षणांनीही त्यांचा आधार घ्यावा.

व्यवहारात तीन गोष्टी सर्वाधिक निसटतात. संमतिपत्र छापील, जड मराठीत असते आणि वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या बाईला ते वाचून दाखवले, तरी समजावले जात नाही. आशा सेविका किंवा शाळामास्तर सोबत असले की ‘नाही’ म्हणणे अवघड होते, कारण गावाचे त्यांच्याशी रोजचे काम असते. आणि तपासणीत बाळाचे वजन धोकादायकरीत्या कमी आढळले, तर पुढे काय करायचे हे प्रकल्पाच्या प्रस्तावात लिहिलेलेच नसते. या तिसऱ्या मुद्द्यावर मी आग्रही आहे : नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी आधीच बोलणे झाले नसेल, तर समितीने अशा प्रस्तावाला मंजुरी देऊ नये. निष्कर्ष मराठीत, दोन पानांत लिहून ग्रामपंचायतीत नेऊन सांगणे हाही प्रकल्पाचाच भाग समजावा.

तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

विषयानुसार वाट वेगळी आहे. प्रवेश, शुल्क, निकाल, कागदपत्रे अडवून ठेवणे अशा बाबींसाठी आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येते आणि लोकपालांनी ३० दिवसांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते, कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदांवरील व्यक्ती या समितीत असू नयेत, असे आयोगाचे २०१५ चे विनियम सांगतात. आपल्या महाविद्यालयाच्या समितीची यादी या दृष्टीने एकदा पाहावी. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे का?

आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याखाली परीक्षार्थीचा हा हक्क मान्य केला आहे. शिवाय विद्यापीठाची छायाप्रत आणि फेरमूल्यांकनाची स्वतंत्र पद्धत असते. तिची मुदत कमी असते म्हणून निकालाच्या दिवशीच तारखा पाहाव्यात.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नसताना मी चुकीच्या गोष्टीविरुद्ध कसा बोलू?

या प्रश्नाला दिलासा देणारे उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. ज्याची नेमणूक सत्रागणिक होते, ज्याला सुट्टीचा पगार नाही आणि ज्याचे घरभाडे त्याच मानधनावर चालते, त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे. बोलण्याची जबाबदारी आधी कायम नोकरीत असलेल्यांची आहे. ज्येष्ठ प्राध्यापक गप्प राहतात आणि ‘नव्या पिढीत नीतिमत्ता उरली नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्यांनी आपल्या सेवेच्या सुरक्षिततेचा उपयोग कशासाठी केला, हे त्यांना विचारले पाहिजे.

तरीही काही गोष्टी करता येतात. तोंडी आदेश मिळाला, तर ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक करत आहे, ते बरोबर समजलो ना?’ असा नम्र ईमेल पाठवावा. बऱ्याच वेळा चुकीचा आदेश तेथेच मागे घेतला जातो. तारखेसह स्वतःची नोंद ठेवावी. एकट्याने न जाता विभागातल्या एखाद्या कायम सहकाऱ्यामार्फत मुद्दा मांडावा. संस्थेच्या बाजूने पाहता, तासिका तत्त्वावरील शिक्षकाला पुढे का बोलावले नाही याचे कारण लेखी देण्याची प्रथा महाविद्यालयाने स्वीकारावी. या एका प्रथेने भीती किती कमी होईल, याची कल्पना व्यवस्थापनांना नसते.

नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) भेटीपूर्वी मागील तारखांची इतिवृत्ते तयार करण्यास सांगितले जाते. हे सर्वत्र चालते, असे म्हणतात.

न झालेल्या बैठकीचे इतिवृत्त लिहिणे म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे होय. नॅकच्या निकषांत संस्थेची मूल्ये हा स्वतंत्र निकष आहे. त्याच निकषासाठी खोटे कागद बनवले, तर कर्मचाऱ्यांनी त्यातून काय शिकावे? फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचेच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना अटक केल्यानंतर तरी हा विषय किरकोळ मानता येत नाही. बैठक झाली नसेल, तर ‘या वर्षी बैठक झाली नाही’ असे लिहावे, कमी गुण घ्यावेत आणि पुढच्या महिन्यात बैठक घ्यावी. असा कागद करण्यास सांगितलेल्या लिपिकाच्या पाठीशी प्राचार्यांनी उभे राहावे, कारण सही बहुधा त्याचीच असते.

नवे प्राचार्य किंवा संचालक आल्यावर त्यांनी सुरुवात कोठून करावी?

आचारसंहिता नव्याने लिहिण्यापासून करू नये. ती बहुतेक ठिकाणी आहे आणि कपाटात आहे. आपल्याच एका निर्णयावर भिन्न मत मागावे, ते इतिवृत्तात नावासह नोंदवावे आणि पटले तर निर्णय बदलावा. कर्मचारी भाषणापेक्षा हे लक्षात ठेवतात. त्यानंतर प्रलंबित तक्रारींची यादी मागवून सर्वांत जुन्या तक्रारीपासून उत्तरे द्यावीत, नकार असला तरी कारणासह द्यावा.

सुधारणा होत आहे हे कसे ओळखावे?

पहिल्या वर्षी तक्रारींची संख्या बहुधा वाढते. व्यवस्थापन येथे घाबरते आणि ‘आपली बदनामी होत आहे’ असे समजून दारे पुन्हा बंद करते. त्या वेळी निनावी तक्रारी किती आणि सहीनिशी आलेल्या किती, हे पाहावे. सहीच्या तक्रारींचे प्रमाण वाढत असेल, तर लोकांना उत्तराची आशा आणि संरक्षणाची खात्री वाटू लागली आहे. त्याबरोबर उत्तर मिळण्यास लागलेले दिवस, इतिवृत्तांत नोंदलेली भिन्न मते आणि तक्रार केलेल्या व्यक्ती वर्षभरानंतर त्याच विभागात टिकून आहेत का, या तीन नोंदी दर सहा महिन्यांनी महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवाव्यात. तक्रारदारांची नावे त्या अहवालात येऊ देऊ नयेत. लहान विभागात केवळ विषयावरूनही व्यक्ती ओळखू येते, म्हणून अशा विभागांची आकडेवारी एकत्र करूनच मांडावी.